पडद्यावरचा रेणू आणि प्रत्यक्षातले औषध: वाचकांचे प्रश्न

मागील अंकात संगणकीय रेणूप्रारूपांच्या साहाय्याने औषधांचा शोध कसा घेतला जातो, याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला होता. संगणक औषध शोधून देत नाही, तर लाखो शक्यतांपैकी कोणते मोजके रेणू प्रयोगशाळेत तपासण्याजोगे आहेत याचा अंदाज देतो, असे विधान त्या लेखात होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींत हे विधान फारच सावध असल्याची तक्रार आहे, तर काहींत हा सारा खटाटोप कितपत भरवशाचा आहे अशी शंका आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: पडद्यावर प्रथिनाचे जे रंगीत चित्र दिसते, त्यातील प्रत्येक अणूची जागा संगणकाला कशी कळते? ती खरी असते की कल्पित?

बहुतांशी ती मोजलेली असते, परंतु सर्वस्वी नव्हे. प्रथिनाचा स्फटिक तयार करून त्यावर क्ष-किरण सोडले असता ते ज्या रीतीने विखुरतात, त्यावरून इलेक्ट्रॉनांची दाटी कोठे किती आहे याचा नकाशा मिळतो आणि त्या नकाशात अणू बसवले जातात. या पद्धतीने १९५८ मध्ये मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना प्रथम उलगडली. १९७१ मध्ये ‘प्रोटीन डेटा बँक’ हा सार्वजनिक संग्रह सुरू झाला, तेव्हा त्यात अवघ्या ७ रचना होत्या. आज त्यांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे. अलीकडे अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीनेही पुष्कळ रचना मिळू लागल्या आहेत. अशा रचनेची फाइल उघडली तर आत एक लांबलचक तक्ता असतो, त्यातील प्रत्येक ओळ एका अणूची असते आणि त्या ओळीत त्याचे नाव व त्रिमितीतील तीन निर्देशांक दिलेले असतात.

खरी अडचण या तक्त्यात जे नसते त्याची आहे. क्ष-किरणांना हायड्रोजनचे अणू सहसा दिसत नाहीत, कारण त्यांच्यापाशी इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच. मात्र औषध प्रथिनाला चिकटते ते बऱ्याच अंशी हायड्रोजन बंधांच्या आधारे; म्हणून हे अणू संशोधकाला नियमांच्या आधारे स्वतः बसवावे लागतात. हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे उदाहरण घ्या. त्याच्या कड्यात नायट्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजन त्यांपैकी एकावर, दुसऱ्यावर किंवा दोन्हींवर असू शकतो. यातील पर्याय चुकीचा निवडला की जेथे आकर्षण असायला हवे तेथे प्रतिकर्षण दिसते, आणि पुढची सगळी गणिते बिनचूक केली तरी उत्तर चुकीचेच येते. अनुभवी माणूस रेणू बसवण्यापूर्वी अशा किरकोळ वाटणाऱ्या तपासण्यांत बराच वेळ घालवतो. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला आलेखही याच तपासणीत वापरतात. प्रथिनाच्या साखळीतील कोन शक्य कोटीतले आहेत की नाहीत, हे त्यावरून तत्काळ कळते.

प्रश्न: एका वनस्पतीतील घटक विषाणूच्या प्रथिनाला ‘उणे ९.२ किलोकॅलरी’ इतक्या ताकदीने चिकटतो असे संगणकीय अभ्यासात सिद्ध झाल्याची बातमी वाचली. मग त्याचे औषध का तयार होत नाही?

या विषयावर सर्वाधिक पत्रे आली आहेत आणि सर्वाधिक गैरसमजही येथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण उल्लेखिलेला आकडा ‘डॉकिंग’ या तंत्रातून येतो; तो जितका अधिक उणे, तितकी पकड घट्ट असे मानतात. अमेरिकेत अर्विन कुंट्झ यांच्या गटाने १९८२ मध्ये या प्रकारचा पहिला प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. डॉकिंगमध्ये प्रोग्रॅम दोन कामे करतो. पहिले काम म्हणजे लहान रेणू प्रथिनाच्या खाचेत फिरवून, वळवून, त्याचे बंध पिळून असंख्य रीतींनी बसवून पाहणे. दुसरे काम म्हणजे त्या प्रत्येक बैठकीला गुण देणे. पहिले काम हे प्रोग्रॅम आता बऱ्यापैकी करतात. खाचेचा आकार ठाऊक असेल आणि रेणू फार लवचीक नसेल, तर प्रत्यक्ष स्फटिकात दिसणाऱ्या बैठकीच्या जवळपास जाणारी बैठक पुष्कळदा सापडते. दुसरे काम मात्र चाळीस वर्षांनंतरही कच्चे आहे.

ते कच्चे का, हे आकड्यांतच पाहू. रेणू प्रथिनाला किती घट्ट चिकटतो हे मुक्त ऊर्जेतील फरकावर अवलंबून असते आणि हा संबंध घातांकी आहे. खोलीच्या तापमानाला या ऊर्जेत प्रति मोल सुमारे १.४ किलोकॅलरींचा फरक पडला की चिकटण्याची ताकद दहा पटींनी बदलते. उणे ९.२ हा आकडा शब्दशः खरा मानला, तर ०.२ मायक्रोमोलरच्या आसपासची संहती खाचा अर्ध्या भरायला पुरेल (मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे मोलचा दशलक्षांश, नॅनोमोलर त्याचा हजारावा भाग; ही संहती जितकी कमी, तितका रेणू घट्ट). सुरुवातीच्या रेणूसाठी हे चांगलेच म्हणायचे. परंतु डॉकिंगचे गुणांकन सर्वसाधारणपणे दोन ते तीन किलोकॅलरींनी चुकते. पावणेतीन किलोकॅलरींची चूक धरली, तर खरे उत्तर २ नॅनोमोलर ते २० मायक्रोमोलर यांमध्ये कोठेही असू शकते, म्हणजे दहा हजार पटींचा पल्ला झाला. त्याचे एक टोक उत्तम औषधाचे आहे, तर दुसरे टोक सहसा दखलही न घेण्याजोगे. तेव्हा त्या आकड्यातील दशांश चिन्हापुढचा अंक गांभीर्याने घेण्याचे काहीच कारण नाही.

याहून मोठी गोम अशी की डॉकिंगचा प्रोग्रॅम ‘हा रेणू येथे बसत नाही’ असे उत्तर क्वचितच देतो. त्याच्यापुढे कोणतेही प्रथिन आणि कोणताही मध्यम आकाराचा रेणू ठेवा, तो एक बैठक आणि एक ऋण आकडा हाती ठेवतोच. त्यातच रेणू जितका मोठा तितके त्याचे प्रथिनाशी संपर्क अधिक, आणि संपर्क अधिक म्हणून गुणही अधिक. वनस्पतींतील पॉलिफेनॉल प्रकारची अनेक रसायने हायड्रोजन बंध करू शकणाऱ्या गटांनी लगडलेली असल्यामुळे अशा यादीत सतत वरच्या क्रमांकावर येतात. प्रत्यक्ष चाचणीतही यांपैकी काही फसवी ठरतात, कारण ती द्रावणात गुठळ्या करून बसतात किंवा समोर येईल त्या प्रथिनाला कमीअधिक चिकटतात, आणि चाचणीत मात्र ‘परिणाम’ दिसतो. २०२० मध्ये करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएज या प्रथिने कापणाऱ्या विकराची (एन्झाइमची) रचना खुली होताच काही महिन्यांत अशा शोधनिबंधांचा पूर आला. त्यांतील बऱ्याच लेखकांनी एकाही रेणूची परीक्षानळीत चाचणी केली नव्हती. माझ्या मते, प्रयोगाची जोड नसलेला डॉकिंगचा निष्कर्ष संशोधकाच्या वहीत राहावा, वृत्तपत्राच्या मथळ्यात येऊ नये.

याचा अर्थ तंत्र निरुपयोगी आहे असा मात्र नाही. त्याच प्रोटिएजवर काम करताना जपानमधील शिओनोगी या कंपनीच्या संशोधकांनी आपल्या संग्रहातील रेणू आधी संगणकावर चाळले, वर आलेले निवडक रेणू लगेच प्रयोगशाळेत तपासले, त्यांतून खरोखर काम करणारा एक रेणू हाती घेतला आणि तो प्रथिनात कसा बसतो हे पाहत टप्प्याटप्प्याने सुधारला. त्यातून एन्सिट्रेलव्हिर हे औषध तयार झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला जपानमध्ये आणीबाणीची मान्यता मिळाली. दोन्हीकडे डॉकिंगच होते. पण एकीकडे शोध त्या आकड्यापाशी थांबला, तर दुसरीकडे तो तेथून सुरू झाला. बातमी वाचताना दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, ज्ञात असलेले औषध त्याच पद्धतीने पुन्हा बसवून लेखकांनी आपली पद्धत पारखली होती का. आणि दुसरी, निवडलेला रेणू प्रत्यक्ष विकरावर, नंतर पेशींवर तपासला होता का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या अभ्यासात अद्याप काहीही सिद्ध झालेले नाही.

प्रश्न: शाळेत आम्ही विकर आणि रेणू यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते असे शिकलो. कुलपाची रचना अणूअणूंनी ठाऊक असेल, तर किल्ली थेट कागदावर आखता येऊ नये का?

ही उपमा एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये दिली, आणि ज्या काळी एकाही प्रथिनाची रचना कोणी पाहिलेली नव्हती त्या काळाच्या मानाने ती कमालीची अचूक होती. मात्र हे कुलूप धातूचे नाही. किल्ली आत शिरताना ते स्वतःचा आकार बदलते, असे डॅनियल कोशलँड यांनी १९५८ मध्ये सुचवले. आपण म्हणता तशी किल्ली आखण्याचे एक सुरेख उदाहरण आहे, आणि उपमा कोठे अपुरी पडते हेही त्याच उदाहरणात दिसते.

फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर न्यूरामिनिडेज नावाचे विकर असते. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावरील सायलिक आम्ल या शर्करेला चिकटून राहतात. हे विकर ती शर्करा कापून त्यांना मोकळे करते. ते बंद पाडले की संसर्गाचा फैलाव मंदावतो. या विकराची रचना १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात उलगडली. सायलिक आम्लाशी साधर्म्य असलेला आणि विकराला अडवणारा एक रेणू आधीपासून ठाऊक होता, पण त्याचा जोर अगदी बेताचा होता. मार्क फॉन इट्झस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खाचेवर पीटर गुडफर्ड यांचा ‘ग्रिड’ हा प्रोग्रॅम चालवला. हा प्रोग्रॅम खाचेत बिंदूंची जाळी आखतो, प्रत्येक बिंदूवर एखादा नमुना गट, उदाहरणार्थ अमिनो गट, ठेवून पाहतो आणि तेथे त्याची ऊर्जा किती असेल ते मोजतो. रेणूच्या चौथ्या कार्बनवर जेथे साधा हायड्रॉक्सिल गट होता, त्याच्या आसपास धनभारित गटाला अतिशय अनुकूल जागा असल्याचे या गणितातून दिसले. जवळच ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाचा ऋणभारित गट होता. हायड्रॉक्सिलच्या जागी अमिनो गट बसवताच जोर वाढला. खाचेत तरीही जागा शिल्लक होती, म्हणून त्याहून मोठा आणि धनभारित असा ग्वानिडिनो गट बसवला, आणि मूळ रेणूच्या तुलनेत जोर हजारो पटींनी वाढला. हे काम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९९ मध्ये झानामिव्हिर हे औषध बाजारात आले. रेणूच्या एका कोपऱ्यातील एक गट बदलण्याची सूचना संगणकाने दिली आणि ती तंतोतंत खरी ठरली, असे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पण ज्या भारित गटांमुळे झानामिव्हिर विकराला इतके घट्ट धरते, त्यांच्यामुळेच ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. ते गोळीच्या रूपात देता येत नाही. श्वासावाटे ओढावे लागते. खाच हे सांगू शकत नव्हती, कारण तिचा आतड्याशी काही संबंध नाही. दुसऱ्या एका गटाने म्हणून वेगळी वाट धरली. रेणूवरील पाणी-प्रेमी बाजूची साखळी काढून त्यांनी तेथे तेलकट स्वभावाची साखळी जोडली. मूळ रचनेत त्या ठिकाणी तेलकट साखळीला आवडेल अशी जागा दिसतही नव्हती. परंतु रेणू आत जाताच विकराच्या साखळीतील २७६ व्या क्रमांकाचे ग्लुटामिक आम्ल बाजूला वळले आणि ती जागा तयार झाली. हा रेणू म्हणजे ओसेल्टामिव्हिर. तो एस्टरच्या रूपात तोंडावाटे दिला जातो आणि शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे क्रियाशील रूप होते. प्रथिन ताठ आहे असे गृहीत धरून चाळणी लावली असती, तर ही साखळी बहुधा पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

याची पुढची गोष्टही या विषयातलीच आहे. ओसेल्टामिव्हिर त्या वळणाऱ्या ग्लुटामिक आम्लावर विसंबून असल्यामुळे, शेजारच्या २७४ व्या जागी हिस्टिडिनऐवजी टायरोसिन येणारे एकच उत्परिवर्तन त्याला निष्प्रभ करायला पुरेसे ठरले. २००८-०९ च्या फ्लूच्या हंगामात असे विषाणू जगभर पसरले होते. झानामिव्हिरला मात्र त्या वळणाची गरज नसल्याने ते अशा विषाणूंवरही काम करत राहिले. मूळ शर्करेसारखा राहणारा रेणू विषाणूला सहजी चुकवता येत नाही, कारण त्याला चुकवायला गेले तर विकराचे स्वतःचे कामच अडते.

प्रश्न: शरीरात सर्वत्र पाणी असते. संगणकीय प्रारूपात ते धरले जाते का? (प्रश्न विचारणारे निवृत्त रसायनशास्त्र-शिक्षक आहेत.)

प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे. डॉकिंगच्या झटपट गणितात पाणी एकतर गाळलेले असते किंवा सरासरीने धरलेले असते. प्रत्यक्षात खाच कधीच रिकामी नसते, ती पाण्याने भरलेली असते. औषधाला आत शिरण्यासाठी आधी ते पाणी हटवावे लागते आणि स्वतःभोवतीचे पाणीही सोडावे लागते. या देवघेवीत मोठमोठे आकडे एकमेकांतून वजा होतात आणि उरणारा निव्वळ फरक अगदी लहान असतो. गुणांकन कच्चे राहण्याचे हे एक मुख्य कारण.

पाण्याचा एकच रेणू किती महत्त्वाचा ठरू शकतो, हे एचआयव्हीच्या प्रोटिएजमध्ये दिसले. हे विकर प्रत्येकी ९९ अमिनो आम्लांच्या दोन एकसारख्या साखळ्यांचे बनलेले असते आणि क्रियाशील खाच त्या दोहोंच्या सांध्यावर असते. खाचेवर दोन लवचीक झडपा असतात. सुरुवातीच्या औषधी रेणूंसह मिळालेल्या रचनांत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली. झडपा आणि औषध यांच्यामध्ये पाण्याचा नेमका एक रेणू अडकलेला असे आणि तो चार हायड्रोजन बंधांनी दोहोंना जोडून ठेवत असे. ड्यूपाँ मर्क या कंपनीतील संशोधकांनी असा विचार केला की जे काम हे पाणी करते, ते औषधातीलच एखाद्या ऑक्सिजनकडे सोपवले, तर बांधून पडलेले पाणी मोकळे होईल, एन्ट्रॉपी (अव्यवस्थितपणाचे माप) वाढेल आणि रेणू अधिक घट्ट बसेल. त्रिमितीय रचनांच्या शोधातून आणि प्रारूपांतून ते सात अणूंच्या कड्याच्या चक्रीय युरियापर्यंत पोहोचले. १९९४ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. स्फटिकात पाहिले तेव्हा युरियाचा ऑक्सिजन बरोबर त्या पाण्याच्या जागी बसलेला होता.

तरीही या कुळातील एकही औषध बाजारात पोहोचले नाही. सुरुवातीच्या रेणूची पाण्यातील विद्राव्यता कमी होती आणि माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण अपुरे व अनियमित राहत असे. पुढे २००५ मध्ये मान्यता मिळालेल्या टिप्रानाव्हिरमध्येही झडपांशी थेट बंध करून ते पाणी हटवलेले आहे. परंतु त्या औषधाचा उगम संगणकात नव्हता, संग्रहातील रेणू प्रत्यक्ष चाळताना सापडलेल्या कुमारिन कुळातील एका संयुगात होता. कोणत्या वाटेने यश येईल याविषयी फार ठाम बोलू नये, ते एवढ्यासाठीच.

पाणी खरोखर धरायचे असेल तर ‘मॉलिक्युलर डायनॅमिक्स’ हे तंत्र वापरतात. त्यात प्रथिनाभोवती पाण्याचे हजारो रेणू ठेवतात, प्रत्येक अणूवरील बल मोजतात आणि न्यूटनच्या नियमांनी सर्वांना किंचित पुढे सरकवतात. ही पायरी साधारण दोन फेम्टोसेकंदांची असते (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश). त्याहून मोठी घेतली तर बंधांची कंपने हाताबाहेर जातात. म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पायऱ्या झाल्या. १९७७ मध्ये मार्टिन कारप्लस यांच्या गटाने एका छोट्या प्रथिनाचे पहिले असे गणित केले, ते दहा पिकोसेकंदांहूनही (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) कमी काळाचे होते. २०१० मध्ये खास या कामासाठी बांधलेल्या ‘अँटन’ या यंत्राने त्याच प्रथिनाचे गणित एका मिलिसेकंदापर्यंत नेले. याच तंत्रावर आधारलेल्या मुक्त ऊर्जेच्या गणिताने, एकमेकांशी अगदी मिळत्याजुळत्या रेणूंची तुलना अनुकूल परिस्थितीत सुमारे एका किलोकॅलरीच्या अचूकतेने करता येते. औषध कंपन्यांत आज संगणकाचा सर्वांत नेमका उपयोग मला येथे दिसतो. नवा रेणू हवेतून काढण्यापेक्षा, हाती असलेल्या रेणूवर क्लोरिन बसवावा की मिथिल गट, आणि तो कोठे बसवावा, हे ठरवण्यासाठी हे गणित अधिक कामी येते.

प्रश्न: अंदाजांवर विसंबण्यापेक्षा सगळे गणित क्वांटम सिद्धांतानेच का करत नाहीत?

कारण ते परवडत नाही. प्रथिन आणि भोवतालचे पाणी मिळून अणू लाखाच्या घरात जातात आणि ऊर्जा एकाच मांडणीसाठी नव्हे, तर कोट्यवधी मांडण्यांसाठी काढावी लागते. म्हणून नेहमीच्या गणितात अणूंना ठरावीक भार दिलेले गोळे आणि बंधांना स्प्रिंगा मानतात. अशा प्रारूपात बंध तुटत नाहीत की जुळत नाहीत. त्यामुळे करोनावरील निर्माट्रेलव्हिर प्रोटिएजच्या साखळीतील १४५ व्या जागेच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी जो प्रत्यक्ष रासायनिक बंध करते, तो त्यात दिसणारच नाही. अशा वेळी बंध होतो तेवढ्या भागाला क्वांटम गणित लावायचे आणि उरलेल्या प्रथिनाला साधे, ही तडजोड वॉर्शेल आणि लेविट यांनी १९७६ मध्ये मांडली. कारप्लस यांच्यासह त्या दोघांना २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रश्न: कृत्रिम बुद्धिमत्तेने आता सर्व प्रथिनांच्या रचना सांगितल्या आहेत. मग या क्षेत्रातले अवघड काम संपले, असे म्हणायचे का?

एक अवघड काम बऱ्याच अंशी संपले, यात शंका नाही. केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची घडी ओळखण्याच्या २०२० च्या स्पर्धेत ‘अल्फाफोल्ड’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमने जी अचूकता दाखवली, तिने या क्षेत्रातील जुन्या जाणत्यांनाही चकित केले. २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा तो घडवणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाला. ज्या प्रथिनांचे स्फटिक कधी झालेच नाहीत, त्यांच्यावर काम सुरू करायला आता काही आधार आहे.

परंतु औषधासाठी हवी असते ती विशिष्ट अवस्थेतील खाच. प्रथिन उघडे आहे की मिटलेले, एखादी बाजूची साखळी आत वळलेली आहे की बाहेर, यावर रेणू बसेल की नाही हे ठरते, आणि अंदाजित रचनेत नेमकी हवी ती अवस्था मिळेलच असे नाही. वर सांगितलेले २७६ व्या ग्लुटामिक आम्लाचे वळण आठवावे. २०२४ मध्ये आलेली पुढची आवृत्ती प्रथिनासोबत लहान रेणूची बैठकही वर्तवते. हे प्रारूप ज्ञात रचनांवरूनच शिकलेले असल्याने परिचित धाटणीच्या रेणूंसाठी ते चांगले चालते, आणि सर्वस्वी नव्या धाटणीसाठी त्यावरचा भरवसा कमी होतो. त्याखेरीज, कोणते प्रथिन अडवले असता रोग बरा होईल, हा प्रश्न रचनेचा नाहीच. निवडलेले प्रथिन रोगाच्या मुळाशी नव्हतेच, असे मानवी चाचण्यांत उघड झाल्यामुळे कितीतरी उत्तम बसणारे रेणू वाया गेले आहेत. १९८१ मध्ये ‘फॉर्च्यून’ या अमेरिकी नियतकालिकाने संगणकावर औषधे आखण्याच्या कामाला मुखपृष्ठावर ‘पुढची औद्योगिक क्रांती’ म्हटले होते. आजचे मथळे वाचताना हे वर्ष ध्यानात ठेवलेले बरे.

प्रश्न: औषधाचे दुष्परिणाम संगणकावर आधीच कळतील का? प्राण्यांवरील चाचण्या बंद होतील का?

काही ठरावीक दुष्परिणामांचा इशारा आजही मिळतो. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरील औषध याचे चांगले उदाहरण आहे. हा रेणू हृदयाच्या स्नायूंतील ‘हर्ग’ नावाच्या पोटॅशियम मार्गिकेत अडकतो. एरवी यकृतातील एक विकर त्याचे झपाट्याने रूपांतर करत असल्याने धोका दिसत नसे. पण बुरशीवरील केटोकोनाझोलसारख्या औषधाने ते विकर अडवले की टर्फेनाडिन रक्तात साठे आणि हृदयाची लय घातक रीतीने बिघडे. ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि त्याच्या रूपांतरातून बनणारा, त्या मार्गिकेला न अडवणारा फेक्सोफेनाडिन हाच रेणू औषध म्हणून आला. हर्गला चिकटणाऱ्या रेणूंची ठेवण आता बरीच माहीत असल्याने असा संशय संगणकावर अगदी आरंभीच घेतला जातो आणि संशयित रेणू बनवण्याआधीच वगळता येतात.

मात्र ज्या धोक्याचे मूळच ठाऊक नाही, त्याचे प्रारूप करता येत नाही. गरोदरपणात घेतल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हजारो बालके व्यंगांसह जन्मली. ते शरीरात प्रामुख्याने कोणत्या प्रथिनाला धरते, हे कळायला २०१० साल उजाडले. प्राण्यांवरील चाचण्यांची संख्या संगणकामुळे कमी होईल आणि होतही आहे, कारण बाद होणारे रेणू तेथवर पोहोचतच नाहीत. त्या पूर्णपणे बंद होतील, असे आजच्या ज्ञानावर मी म्हणणार नाही.

प्रश्न: मी औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. साध्या लॅपटॉपवर हे शिकता येईल का?

अवश्य येईल. रचना पाहण्यासाठी ‘कायमेराएक्स’, डॉकिंगसाठी ‘ऑटोडॉक व्हिना’ आणि पुढे मॉलिक्युलर डायनॅमिक्ससाठी ‘ग्रोमॅक्स’ ही साधने विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतात. पहिल्याच दिवशी नवा रेणू शोधायला बसू नये. प्रोटीन डेटा बँकेतून ‘१एचएसजी’ ही फाइल घ्यावी. त्यात एचआयव्ही प्रोटिएजमध्ये इंडिनाव्हिर हे औषध बसलेले आहे. औषध बाहेर काढून त्याचे बंध मोकळे करावेत आणि प्रोग्रॅमला ते पुन्हा बसवायला सांगावे. मूळ बैठकीपासून सरासरी दोन अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरच्या अब्जांशाचा दहावा भाग) आत उत्तर आले, तर आपली पद्धत निदान या खाचेपुरती ठीक आहे. त्यानंतर झडपांखालचे ते पाणी एकदा ठेवून आणि एकदा काढून तेच गणित करावे, आणि बैठक व गुण यांत काय फरक पडतो ते लिहून ठेवावे. शेवटी तेच औषध ‘१एचव्हीआर’ या फाइलमधील, म्हणजे चक्रीय युरिया काढून रिकाम्या केलेल्या खाचेत बसवून पाहावे. प्रथिन तेच असले तरी ही खाच दुसऱ्या रेणूभोवती मिटलेली आहे, त्यामुळे इंडिनाव्हिर तेथे पूर्वीसारखे बसेलच असे नाही. जो फरक दिसेल त्याचे कारण अणूंच्या पातळीवर शोधावे, आणि ते सापडल्यावरच नव्या रेणूला हात घालावा.